पाच वेळा हरला, तरी अमेरिकेने वर्गणी काढून सोन्याचा कप दिला. चहावाल्या लिप्टनची गोष्ट

लिप्टन म्हटलं की डोळ्यासमोर चहाचं पाकीट येतं. किराणा दुकानाच्या फळीवर, हॉटेलच्या खोलीत किटलीशेजारी ठेवलेल्या छोट्या पुड्यांवर, जगभरातल्या विमानतळांवर हे नाव दिसतं. पण लिप्टन हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आणि हा माणूस त्याच्या काळात अमेरिकेत घराघरात माहीत होता तो नुसत्या चहामुळे नाही, तर हरण्यामुळे.

३१ वर्षं, ५ मोहिमा, १८ शर्यती. त्यातल्या जिंकल्या फक्त २. ज्या कपासाठी हा सगळा खटाटोप केला तो कप शेवटपर्यंत हाती लागला नाही. तरीही ज्या देशाने त्याला पाचही वेळा हरवलं, त्याच देशातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याला वेगळा सोन्याचा कप दिला.

असं काय होतं या माणसात? त्यासाठी सुरुवात करावी लागेल स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरापासून.

अकरा नंबरचं दुकान

१८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं देश सोडून निघाली. त्यातच एक लिप्टन कुटुंब होतं. हे लोक समुद्र ओलांडून ग्लासगोला आले आणि गॉर्बल्स नावाच्या दाटीवाटीच्या कष्टकरी वस्तीत राहिले. तिथेच १८४८ साली थॉमसचा जन्म झाला. पुढे मोठा झाल्यावर हा गडी आपलं जन्मसाल १८५० सांगायचा. स्वतःबद्दलच्या गोष्टींना थोडं तिखटमीठ लावायची सवय त्याला पहिल्यापासूनच होती.

आईवडिलांनी क्राउन स्ट्रीटवर ११ नंबरच्या जागेत छोटंसं दुकान टाकलं. लोणी, अंडी, डुकराचं मांस असा माल. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे थॉमसने वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडली. आधी एका स्टेशनरीच्या दुकानात निरोप्या पोऱ्या, मग शर्ट कापायच्या कारखान्यात मदतनीस.

पण पोराचं लक्ष होतं क्लाइड नदीकडे.

ग्लासगो ही या नदीवरची गोदी. तेव्हा याच नदीच्या काठावर मोठ्या संख्येने जहाजं बांधली जायची. चीजच्या खोक्यांच्या झाकणांपासून आपण खेळण्यातल्या होड्या बनवायचो आणि त्यातल्या एकीचं नाव शॅमरॉक ठेवलं होतं, असं लिप्टनने म्हातारपणी आठवणींत सांगितलं. शॅमरॉक म्हणजे तीन पानांची एक रानवनस्पती, आयर्लंडची खूण. हे नाव लक्षात ठेवा.

१८६४ मध्ये तो ग्लासगो ते बेलफास्ट धावणाऱ्या बोटीवर केबिन बॉय म्हणून लागला. पगार साठवला आणि थेट अमेरिकेचं तिकीट काढलं. तिथे पाच वर्षं मिळेल ते काम केलं. व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतावर, साउथ कॅरोलिनात भाताच्या मळ्यावर हिशेबनीस, न्यू ऑर्लिन्समध्ये दारोदार फिरणारा विक्रेता आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये किराणा विभागात सहाय्यक.

ही शेवटची नोकरी त्याची खरी शाळा ठरली. स्वच्छ मांडलेला माल, ठळक भाव, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं आणि सतत जाहिरात. ग्लासगोच्या कोंदट दुकानांत यातलं काहीच नव्हतं.

डुकरांची मिरवणूक आणि चीजमधली सोन्याची नाणी

१८७० मध्ये तो परत आला आणि १८७१ मध्ये ग्लासगोच्या स्टॉबक्रॉस स्ट्रीटवर त्याने स्वतःचं पहिलं दुकान उघडलं. इथून पुढे पोरगा थॉमस संपला आणि लिप्टनशेठ सुरू झाले.

लिप्टन यांचं गणित सरळ होतं. दलाल वगळायचे, माल जिथे पिकतो तिथूनच उचलायचा, भाव कमी ठेवायचा आणि गावभर बोंब मारायची.

धष्टपुष्ट डुकरांना रंगीबेरंगी फिती बांधून त्यांची भर रस्त्यातून दुकानापर्यंत मिरवणूक काढली जायची. १८८१ मध्ये त्यांनी अमेरिकेतून एक राक्षसी आकाराचं चीज मागवलं, त्यात सोन्याची नाणी खुपसली आणि नाताळाच्या तोंडावर तुकडे पाडून विकायला काढलं. दुकानासमोर झुंबड उडाली आणि बघता बघता चीज संपलं.

१८८८ पर्यंत त्यांची ब्रिटनभर सुमारे ३०० दुकानं झाली होती. पण पुढच्याच वर्षी आई गेली आणि पाठोपाठ वडीलही. लिप्टन यांनी लग्न केलं नव्हतं. घर रिकामं झालं.

१८९० मध्ये ते जहाजात बसून थेट सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले.

बुडालेल्या कॉफीने चहा जन्माला घातला

सिलोनच्या डोंगरांत आधी कॉफीचे मळे होते. १८६९ पासून तिथे पानांवरचा तांबेरा रोग पसरला आणि पुढच्या वर्षांत कॉफी संपली. मळेवाले कर्जात बुडाले, जमिनी कवडीमोलाने विकायला निघाल्या. त्याआधीच १८६७ मध्ये जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने तिथे चहा लावून दाखवला होता.

लिप्टन यांनी संधी साधली. हापुतळेजवळच्या डंबातेनसह अनेक मळे विकत घेतले. या मळ्यांत राबणारे हात होते ते मुख्यतः तमिळ मजुरांचे, मद्रास इलाख्यातून समुद्रापार नेलेल्या कुटुंबांचे. स्वस्त चहाचं गणित त्यांच्या तुटपुंज्या मजुरीवर उभं होतं, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटनमध्ये तोवर चहा ही बऱ्यापैकी महागडी गोष्ट होती. दुकानदार पेटीतून काढून सुटा चहा जोखायचा. त्यात भेसळ असायची, वजनात मारही असायचा. लिप्टन यांनी ठरावीक वजनाची छापील पाकिटं आणली आणि पौंडाला १ शिलिंग ७ पेन्स असा भाव लावला. कारखान्यातल्या मजुरालाही परवडेल असा चहा बाजारात आला.

१८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली. त्यानिमित्त युवराज्ञी अलेक्झांड्रा यांनी लंडनच्या गरिबांना जेवण घालायचा घाट घातला, पण निधी कमी पडत होता. तेव्हा कुणीतरी नाव न सांगता २५,००० पौंडांचा चेक पाठवला. तो दाता लिप्टन होते हे लवकरच फुटलं. १८९८ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी कंपनी शेअर बाजारात आणली आणि ते अफाट श्रीमंत झाले.

पैसा आला, पदवी आली. आता त्यांना एक कप हवा होता.

हा कप नेमका काय होता?

१८५१ मध्ये 'अमेरिका' नावाच्या शिडाच्या बोटीने इंग्लंडमध्ये येऊन, आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत ब्रिटिशांच्या बोटींना मागे टाकलं. बक्षिसाचा चांदीचा कप ती न्यूयॉर्कला घेऊन गेली. तोच पुढे न्यूयॉर्क यॉट क्लबकडे आला आणि अमेरिकाज कप म्हणून ओळखला जाऊ लागला. परक्या देशातल्या कुठल्याही यॉट क्लबने आव्हान द्यावं आणि जिंकून न्यावा, असा नियम.

त्यात एक मेख होती. आव्हान देणाऱ्या बोटीने स्वतःच्या तळावर तरंगत समुद्रमार्गे शर्यतीच्या ठिकाणी यायचं, दुसऱ्या जहाजावर लादून नाही. म्हणजे ब्रिटिश बोट अटलांटिक महासागर झेलेल इतकी भक्कम आणि साहजिकच जड बांधावी लागायची. अमेरिकनांची बोट घराच्या अंगणातच धावणार, त्यामुळे ती हलकीफुलकी बांधली तरी चालायची.

त्यात १८९५ मध्ये लॉर्ड डनरेव्हन या ब्रिटिश उमरावाने अमेरिकनांवर फसवणुकीचा आरोप केला होता. तो सिद्ध झाला नाही, पण दोन्ही देशांतल्या यॉटवाल्यांचे संबंध पार विस्कटले होते.

आणि इकडे ब्रिटनमध्ये वेगळीच अडचण. यॉटिंग हा राजेरजवाड्यांचा शौक. त्यांचा सर्वात मानाचा क्लब म्हणजे रॉयल यॉट स्क्वाड्रन. तिथे लोणी आणि डुकराचं मांस विकून मोठ्या झालेल्या माणसाला कोण विचारणार? युवराज एडवर्ड, जे पुढे राजे झाले, ते लिप्टन यांच्यासोबत बोटीवर जायचे. तर राजा आपल्या वाण्यासोबत फिरायला गेलाय, असा टोमणा जर्मनीच्या कैसरने मारला होता म्हणतात.

लिप्टन यांनी मग आईवडिलांच्या मुलखातल्या रॉयल अल्स्टर यॉट क्लबकडून आव्हान दिलं. बोटीचं नाव ठेवलं शॅमरॉक.

समोर गाववालाच!

१८९९ मध्ये पहिली शॅमरॉक न्यूयॉर्कला पोचली. तिचा आराखडा होता विल्यम फाइफ यांचा. क्लाइडच्या खाडीवरच्या फेअर्ली गावात तीन पिढ्या बोटी बांधणारं हे घराणं. फाइफ यांच्या बोटींच्या नाळेजवळ कोरलेला ड्रॅगन ही त्यांची सही मानली जाते.

समोर होती 'कोलंबिया'. तिच्या मालकांत बँकर जे. पी. मॉर्गन होते. आणि तिच्या सुकाणूवर होता चार्ली बार, जो मूळचा गुरॉकचा, म्हणजे त्याच क्लाइडच्या काठावरचा! अमेरिकेत स्थायिक झालेल्या या स्कॉटिश नावाड्याने लिप्टन यांना एकदा नाही, सलग तीनदा हरवलं.

पहिल्या वेळी निकाल ३-०. दुसऱ्या शर्यतीत शॅमरॉकच्या डोलकाठीचा वरचा भाग मोडला. मार्कोनी यांनी याच शर्यतीच्या बातम्या बिनतारी यंत्राने समुद्रातून पाठवल्या, त्यामुळे त्यांची चर्चा आणखी झाली. हरल्यावर लिप्टन यांनी ना तक्रार केली, ना आरोप. हसत हसत विजेत्यांचं अभिनंदन केलं आणि परत येतो म्हणून सांगितलं. डनरेव्हन प्रकरणाने वैतागलेल्या अमेरिकनांना हा माणूस भलताच आवडला.

१९०१ मध्ये दुसरी शॅमरॉक आली. जॉर्ज वॉटसन यांचा आराखडा आणि बांधणी डम्बार्टनच्या डेनी गोदीत. डेनींकडे पाण्याची लांबलचक टाकी होती. तिच्यात छोटे नमुने ओढून कुठला आकार पाणी नीट कापतो ते तपासता यायचं. शर्यतीआधी इंग्लंडमध्ये चाचणी चालू असताना या बोटीची डोलकाठी कोसळली आणि तेव्हा बोटीवर खुद्द राजे सातवे एडवर्ड होते. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

न्यूयॉर्कला यावेळीही निकाल ३-०, पण तिसरी शर्यत बघा. शॅमरॉकने कोलंबियाच्या २ सेकंद आधी रेषा ओलांडली आणि तरीही ती हरली. कारण बोटीची लांबी आणि शिडांचं क्षेत्रफळ मोजून मोठ्या बोटीने लहान बोटीला वेळेची सूट द्यायची, असा नियम होता. ती सूट धरल्यावर कोलंबिया ४१ सेकंदांनी पुढे निघाली.

तिसरी शॅमरॉक आणि धुकं

मग आली १९०३ ची तिसरी शॅमरॉक. आराखडा फाइफ यांचा, बांधणी डेनींची. ग्लासगोत वाढलेला मालक, फेअर्लीचा आराखडाकार, डम्बार्टनची गोदी. पहिल्या शॅमरॉकची बांधणी लंडनमध्ये झाली होती, ही मात्र पुरती क्लाइडची बोट होती.

मार्चमध्ये ती पाण्यात उतरली आणि एप्रिलमध्ये वेमथजवळ सरावाच्या वेळी जोराच्या वाऱ्यात तिची डोलकाठी शिडांसकट समुद्रात गेली. एक माणूस मेला, लिप्टन यांच्याही हाताला लागलं. श्रीमंतांच्या या खेळात जीव धोक्यात घालणारे मात्र बहुतेक वेळा पगारी खलाशीच असायचे. नवी डोलकाठी उभारून बोट अमेरिकेला निघाली.

तिकडे नॅथॅनियल हेरेशॉफ या अमेरिकन आराखडाकाराने 'रिलायन्स' नावाचं अजस्र प्रकरण तयार ठेवलं होतं. सुमारे १४४ फूट लांब आणि १६,००० चौरस फुटांहून जास्त शीड.

इथे नियमातली पळवाट समजून घ्या. बोटीची लांबी मोजली जायची ती शांत उभी असताना पाण्याला टेकलेल्या भागाची. मर्यादा होती ९० फुटांची. हेरेशॉफने पुढची आणि मागची टोकं पाण्यावर लांबलचक बाहेर काढली. वाऱ्याने बोट कलली की ही टोकं पाण्याला टेकायची, म्हणजे धावताना तिची लांबी वाढायची. आणि शिडाची बोट पाण्यात जितकी लांब, तितका तिला जास्त वेग गाठता येतो.

सुकाणूवर पुन्हा चार्ली बार. पहिल्या दोन शर्यती रिलायन्सने घेतल्या. तिसऱ्या शर्यतीत दाट धुकं पडलं. रिलायन्स धुक्यातून बरोबर रेषेवर आली. तिसऱ्या शॅमरॉकला मात्र शेवटची रेषाच सापडली नाही. पुन्हा ३-०.

लिप्टन यावेळी आतून खचले. असल्या नाजूक आणि अजस्र बोटींऐवजी नव्या नियमांच्या, समजूतदार बोटींवर शर्यत व्हावी म्हणून ते पुढची काही वर्षं न्यूयॉर्क यॉट क्लबशी पत्रव्यवहार करत राहिले. तोवर १९०८ मध्ये फाइफ यांच्याकडून त्यांनी आणखी एक शॅमरॉक करून घेतली, जी युरोपातल्या शर्यतींत गाजली. तिकडे रिलायन्स दहा वर्षांत भंगारात निघाली.

युद्ध, लाचेचं प्रकरण आणि जिंकत आलेली शर्यत

हे सगळं खेळासाठी होतं की जाहिरातीसाठी? दोन्हीसाठी. प्रत्येक मोहिमेच्या वेळी अमेरिकेतल्या पेपरांत महिनोन् महिने लिप्टन यांचं नाव आणि फोटो छापून यायचा. इतकी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती आणि डुकरांची मिरवणूक काढणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं असं मानणं भाबडेपणाचं होईल. पण नुसती जाहिरात हवी असती, तर एवढ्या वर्षांत ती कधीच साधली होती. वयाच्या ऐंशीनंतरही बोट बांधायला पैसा ओतायची गरज नव्हती.

१९१४ चं साल मात्र वाईट निघालं. लष्करी कॅन्टीनची कंत्राटं मिळवण्यासाठी कंपनीतल्या माणसांनी लाच दिल्याचं प्रकरण लंडनच्या कोर्टात गाजलं. आरोपींत लिप्टन नव्हते, पण पाकिटावर नाव त्यांचंच होतं. आणि चौथी शॅमरॉक अटलांटिक ओलांडत असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. ती बर्म्युडामार्गे न्यूयॉर्कला पोचली आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच झाकून ठेवली गेली.

लिप्टन यांची 'एरिन' नावाची आलिशान वाफेची बोट होती. तिच्यावर राजघराण्यातले पाहुणे आणि करोडपती यायचे. १९१५ मध्ये त्याच बोटीतून त्यांनी डॉक्टर, नर्स आणि औषधं सर्बियाकडे पोचवली. तिथे टायफसची साथ माणसं मारत होती. पासष्टी ओलांडलेले लिप्टन स्वतः तिथल्या हॉस्पिटलांत फिरले. पुढे नौदलाच्या कामात असताना १९१६ मध्ये माल्टाजवळ सुरुंगाने एरिन बुडाली.

१९२० मध्ये अखेर शर्यत झाली. समोर 'रिझोल्यूट'. पहिल्या शर्यतीत रिझोल्यूटचं शीड खाली आलं आणि शॅमरॉक जिंकली. दुसरीही तिनेच मारली. २-०! आता पाचांतली फक्त एक हवी होती.

तिसऱ्या शर्यतीत दोन्ही बोटींनी अंतर कापायला अगदी सेकंदाला सेकंद सारखाच वेळ घेतला. पण सुटीचा नियम पुन्हा आडवा आला. हिशेबात रिझोल्यूट ७ मिनिटं १ सेकंदाने विजयी. त्यानंतरच्या दोन्ही तिनेच घेतल्या. निकाल ३-२.

कपाच्या इतक्या जवळ ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

शेवटचा डाव

१९२७ मध्ये कंपनीची सूत्रं त्यांच्या हातून गेली. पण कप डोक्यातून गेला नव्हता. १९३० मध्ये, ८२ व्या वर्षी, ते पाचवी शॅमरॉक घेऊन न्यूपोर्टला आले. आता सुटीचा नियम नव्हता, जी आधी पोचेल ती जिंकली. पण हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांच्या 'एंटरप्राइज'ला हलक्या धातूची डोलकाठी होती आणि तंत्रात ती पुढच्या जमान्यातली होती. निकाल ४-०.

म्हाताऱ्याचा चेहरा बघून अमेरिकन लोक हळहळले. विनोदी नट आणि लेखक विल रॉजर्स यांनी पेपरातून एक कल्पना मांडली, की प्रत्येकाने एकेक डॉलर द्यावा आणि या दिलदार हरणाऱ्यासाठी आपणच कप बनवावा. महामंदीचे दिवस होते, तरी हजारो लोकांनी पैसे पाठवले. टिफनी कंपनीने कप घडवला आणि डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी तो लिप्टन यांच्या हातात दिला. ते इतके भारावले की त्यांना भाषणही पुरं करता आलं नाही.

आणि १९३१ मध्ये रॉयल यॉट स्क्वाड्रननेही अखेर दार उघडलं. ज्या माणसासोबत राजा फिरायचा, त्याला सभासद करून घ्यायला राजेरजवाड्यांच्या क्लबने तीन दशकं घेतली. तो मान काही महिनेच उपभोगता आला. २ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या ऑसिज इथल्या घरी लिप्टन यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतरही कप बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्येच राहिला. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो पहिल्यांदा अमेरिकेबाहेर नेला, तब्बल १३२ वर्षांनी. ज्या ब्रिटनमधून तो गेला होता, तिथे तो आजवर परतलेला नाही. २०२४ मध्ये बार्सिलोनात ब्रिटनची बोट अंतिम लढतीत न्यूझीलंडकडून हरली. लिप्टन यांची पाचवी शॅमरॉक मात्र अजून पाण्यावर आहे.

मागे मूलबाळ नव्हतं. आपल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी ग्लासगोच्या गोरगरिबांसाठी ठेवला आणि आयुष्यभर जमवलेली बक्षिसंही त्याच शहराला दिली. त्यांचं दफन लंडनमध्ये झालं नाही. गॉर्बल्सजवळच्या सदर्न नेक्रोपोलिस या कब्रस्तानात, क्राउन स्ट्रीटवर लोणी आणि अंडी विकणाऱ्या आईवडिलांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आलं.